बोहारणीचा नकार

घरात साठलेले नको ते सामान गरजूंना देऊन टाकावे, हा सल्ला आज इतका सर्वमान्य झाला आहे की त्यावर शंका घेणारा माणूस कद्रू ठरेल. दिवाळीच्या आधी कपाटे उपसली जातात, पिशव्या भरल्या जातात, त्या एखाद्या संस्थेच्या दारात नाहीतर चौकातल्या ‘माणुसकीच्या भिंती’वर पोहोचवल्या जातात आणि घराबरोबर मनही हलके झाल्याचे समाधान मिळते. या सल्ल्यात वाईट काही नाही. पण तो वाटतो तितका जुनाही नाही. मराठी घरातून जुनी वस्तू बाहेर पडण्याच्या वाटा गेल्या शंभर-दीडशे वर्षांत बऱ्याच बदलल्या, आणि त्या नीट पाहिल्या तर प्रत्येक वळणावर एकच प्रश्न उभा राहतो: घेणाऱ्याला ‘हे मला नको’ असे म्हणता येत होते का? जुने देण्याच्या कोणत्याही रीतीची पत माझ्या मते या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. आणि या कसोटीला आपल्याकडची जी रीत सर्वांत चांगली उतरली ती दानाची नव्हती. ती भर दुपारी चाळीच्या जिन्यावर बसून चालणाऱ्या घासाघिशीची होती.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. पूर्वी बहुतेक घरांत देऊन टाकण्याजोगे फारसे काही उरतच नसे. नऊवारी सुती लुगडे मधोमध विरले की विरलेला भाग काढून दोन्ही टोके जोडत, त्याला दंड घालणे म्हणत. असे दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ नेसले जाई. मग त्याची दुपटी होत, तीन-चार लुगडी एकावर एक अंथरून गोधडी किंवा वाकळ शिवली जाई, आणि त्यातूनही जे उरे त्याच्या वाती, काकडे, चुलीजवळची फडकी आणि सारवणाचे पोतेरे. भांड्यांचे तेच. तांब्या-पितळेच्या भांड्याला पोचा आला तर तांबट तो काढून देई, कल्हई उडाली तर कल्हईवाला येई, आणि भांडे अगदीच गेले तर ते मोडीत घालून त्याच्या वजनावर नवे घेतले जाई. धातू घरातून जात नसे, त्याचा आकार बदलत असे. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणीचे कापड घरोघर पोहोचले, तेव्हा कुठे कपड्यांचा थोडा उबारा झाला. तोही पांढरपेशा आणि व्यापारी घरांत. दुसऱ्या महायुद्धात कापड नियंत्रणाखाली आले तेव्हा त्या घरांनाही पुन्हा दंड घालायची पाळी आली.

तरीही ज्यांच्याकडे उबारा होता ते जुने कुणाला देत, आणि कोणत्या नात्याने देत? इथे आपल्या परंपरेत दोन धागे दिसतात आणि ते एकमेकांविरुद्ध जातात. पहिला धागा कठोपनिषदातला. वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करायला निघतो. पण त्याच्या दानातल्या गाई पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध देऊन संपलेल्या आहेत, हे त्याच्या मुलाच्या, नचिकेताच्या, लक्षात येते. अशा गाई देणाऱ्याला कोणता लोक मिळणार, ही त्या पोराची शंका. नको झालेले देणे हे देणेच नव्हे, हा आक्षेप इतका जुना आहे. धर्मशास्त्रानेही सत्पात्री दान म्हणून जे सांगितले त्यात निरुपयोगी वस्तूला मान नाही. आजही पूजेला बसलेल्या गुरुजींना कुणी वापरलेले धोतर देत नाही, नवे पान देतो. दुसरा धागा मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला. तिथे सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे याची यादी आहे: उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्यातला पोचट भाग आणि जुने झालेले सामानसुमान. त्याच अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत असेही सांगितले आहे. म्हणजे ज्याला मान द्यायचा त्याला नवे, आणि ज्याला जागा दाखवायची त्याला जुने. नको असलेल्या वस्तूंची वाटणी इतक्या स्पष्टपणे कुळाशी बांधलेली दुसरी संहिता शोधावी लागेल.

हे केवळ पोथीत राहिले असते तर गोष्ट वेगळी. पण गावगाड्यात त्याचा रोजचा व्यवहार होता. महारांच्या परंपरागत बावन्न हक्कांची जी कथा महाराष्ट्रात सांगितली जाते, त्या हक्कांत मढ्यावरच्या कापडाचाही समावेश होता. त्याला ‘हक्क’ म्हणत. पण तो नाकारण्याचा हक्क मात्र कुणाला नव्हता. कारण तो नाकारणे म्हणजे गावकी नाकारणे, आणि त्याची शिक्षा बहिष्कार. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फेकलेल्या शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा असे सांगितले. डिसेंबरात तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर स्त्रियांपुढे बोलताना ते कपड्यांवर आणि दागिन्यांवर आले. जात ओळखू येईल अशी नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या, लुगड्याला ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ असू द्या, आणि कोणते वस्त्र नेसावे व कोणत्या धातूचा दागिना घालावा यावर कुणाचेही बंधन मानू नका, असा त्या भाषणाचा आशय होता. पुढच्याच वर्षी त्यांनी महार वतनाविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ती वतने कायद्याने जायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. ठिगळाला त्यांचा विरोध नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. विरोध होता तो दुसऱ्याने ठरवून दिलेल्या वस्त्राला. जुने वापरणे आणि जुने वापरायला भाग पडणे या दोन गोष्टी त्यांनी स्पष्ट वेगळ्या केल्या, आणि आजच्या ‘गरजूंना द्या’ या सल्ल्यात नेमका तोच भेद पुसला जातो.

या पार्श्वभूमीवर शहरात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला किंवा काखेला कपड्यांचे बोचके, आणि जिन्याखालून दिलेली लांबलचक हाळी. मुंबईत या धंद्यात प्रामुख्याने मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या बायका होत्या. तो समाज आज स्वतःला देवीपूजक म्हणवतो. तिच्या पाटीत आधी कपबशा, चिनी मातीच्या बरण्या, ॲल्युमिनियमची पातेली असत. स्वातंत्र्यानंतर स्टेनलेस स्टील आले आणि या धंद्याला खरे सोन्याचे दिवस आले. न गंजणारे, कल्हई न लागणारे, चिंचेने घासावे न लागणारे आणि आरशासारखे चकाकणारे हे भांडे मध्यमवर्गीय बाईला रोख पैसे मोजून घेणे जड होते. घरातला पैसा पुरुषाच्या हातात. पण घरातले जुने कपडे तिच्या हातात होते. त्या कपड्यांचे डबे, वाट्या, पिंप, परात करून देणारी बोहारीण ही तिच्यासाठी एक प्रकारची पतपेढीच होती. असंख्य मराठी स्वयंपाकघरांतली स्टीलची मांडणी अशा एकेका जुन्या पँटीवर उभी राहिली, आणि घरच्या कर्त्या पुरुषाला त्याचा पत्ता कपाट उघडल्यावर लागला.

या व्यवहाराचे तपशील महत्त्वाचे आहेत, कारण त्यातच त्याची नीती आहे. बोहारीण कपडा उजेडात धरून पाही. सदऱ्याची कॉलर उसवली आहे का, पँटीचा बसायचा भाग विरला आहे का, चेन चालते का, डाग कशाचा आहे, हे ती एका नजरेत ओळखे. पुरुषांच्या पँटी-शर्टांना ती अधिक भाव देई, कारण त्यांना मजुरांचे गिऱ्हाईक हमखास असे. खऱ्या जरीची जुनी साडी असेल तर हिशेबच वेगळा, कारण ती जर जाळली की चांदी निघे. नेहमीच्या वापरातल्या साडीला त्या मानाने कमी. मग बाईने एका पातेल्यावर बोट ठेवायचे, बोहारणीने ते पाटीत मागे सारून त्याहून लहान पुढे करायचे, बाईने ‘राहू दे मग’ म्हणून कपड्यांची घडी घालायची, बोहारणीने पाटी डोक्यावर घेतल्यासारखी करून पुन्हा टेकवायची आणि ‘अजून एक पँट टाका, ताई’ म्हणायचे. अर्धा-पाऊण तास हे चाले. पण या सगळ्या नाटकात दोन्ही बाजूंना एक गोष्ट पक्की ठाऊक असे: बोहारीण उठून जाऊ शकते. फाटका, कळकट, कुजका कपडा ती बाजूला टाकी आणि तो घरातच राही. देणारीला त्यामुळे कपडे धुऊन, बटणे लावून, घडी करून ठेवावे लागत. बोहारणीच्या नाकारण्याच्या ताकदीमुळे कपड्याची किंमत राहिली, आणि बोहारणीचीही.

पुढे काय होई? ते बोचके घरी नेऊन निवडले जाई. चांगले कपडे धुऊन, सांधून, इस्त्री मारून जुन्या कपड्यांच्या बाजारात जात. गिरण्या-गोद्यांतले, बांधकामावरचे, हमालीवरचे हजारो कामगार तिथून पैसे देऊन, अंगाला लावून पाहून, भाव करून कपडे घेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही जुन्या सामानाच्या खरेदीचा हाच रोकडा रिवाज आहे. ज्यांना गिऱ्हाईक नाही ते कपडे फाडून गॅरेज आणि यंत्रशाळांत हात व यंत्रे पुसायला जात. सुती कापड तेल चांगले शोषते म्हणून त्याला मागणी. म्हणजे साखळीतली प्रत्येक व्यक्ती गिऱ्हाईक होती, याचक कुणी नव्हता. ज्या मजुराने तो शर्ट घातला त्याला तो कोणत्या घरातून आला हे ठाऊक नसे आणि त्या घराचे उपकार मानायचे कारणही नसे. हा धंदा करणाऱ्या बायकांना स्वतःच्या किमतीची जाण किती होती याचा एक पुरावा अहमदाबादेत सापडतो. १९७१ मध्ये कामगार चळवळीतल्या इला भट्ट यांच्याकडे आधी डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायका आल्या आणि त्यांच्या मागोमाग जुने कपडे विकणाऱ्या. या जुन्या कपड्यांवाल्यांची एक सभा बागेत भरली, तिथे त्यांच्यातल्याच एकीने आपली स्वतःची संघटना हवी असे सुचवले, आणि त्यातून ‘सेवा’ जन्माला आली. तिची नोंदणी १९७२ ची. असंघटित स्त्रियांच्या या मोठ्या संघटनेच्या मुळाशी जुन्या कपड्यांचा धंदा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

इथे कुणी म्हणेल की हे चित्र फार गोजिरे झाले. बोहारणीला कुणी घरात घेत नसे, पाणी मागितले तर वेगळ्या भांड्यातून देत, तिच्यावर चोरीचा संशय धरत, आणि तिच्या दारिद्र्याचा फायदा घेऊन चार चिंध्यांवर मोठे पातेले उकळणाऱ्या गृहिणींची प्रौढी आपल्या विनोदी साहित्यात पुरेशी आली आहे. आक्षेप खरा आहे आणि तो मला खोडायचा नाही. बाजार माणसाला समान करतो असे मी म्हणत नाही. उंबऱ्याच्या आत गृहिणी आणि बाहेर बोहारीण, हे अंतर त्या व्यवहाराने मिटवले नाही. पण गावकीतल्या जुन्या कापडाशी तुलना केली तर फरक दिसतो. गावात घेणाऱ्याने कपडा नाकारला तर त्याचे जगणे धोक्यात येई. चाळीत बोहारणीने नाकारला तर ती शेजारच्या खोलीशी जाई. घासाघिशीत दोघींना एकमेकींची गरज होती आणि ती दोघींना कबूल करावी लागे. दान देणाऱ्याला अशी कबुली कधीच द्यावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड: अदलाबदलीत वस्तूची खरी किंमत कळते असे नाही. स्टीलच्या हौसेपायी साठ-सत्तरच्या दशकांत मराठी घरांनी पितळेची घंगाळे, तांब्याचे बंब, हंडे, कळशा, समया मोडीत काढल्या. वजनावर पैसे किंवा स्टील मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे ओतकाम व ठोककाम भट्टीत गेले. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांवर त्याचा काय परिणाम झाला हे वेगळे सांगायला नको. आज त्याच धाटणीची घंगाळे बैठकीच्या खोलीत शोभेसाठी मोठ्या किमतीला विकत आणली जातात. इथे मोडीचा व्यापारी आणि गृहिणी दोघेही धातूचा भाव करत होते, घडणीचा करत नव्हते. हे नुकसान खरेच झाले. पण ते दानाने टळले असते असेही नाही; फार तर भट्टीत जाण्याऐवजी ते घंगाळ एखाद्या देवळाच्या मागे पडून राहिले असते. हौस आंधळी असली की देण्याची रीत कोणतीही असो, वस्तू वाया जाते.

जाता जाता एक विसंगती. ज्या समाजाने घर मोकळे करण्याची इतकी हुशार व्यवस्था उभी केली, त्यानेच घर भरण्याच्या रीतीही तितक्याच निष्ठेने जपल्या. संक्रांतीचे वाण लुटायचे म्हणून घाऊक बाजारातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या डब्या, लग्नातल्या आहेरांचे खण, जे उघडले न जाता एका बारशातून दुसऱ्या मुंजीत फिरत राहतात, हे सगळे कुणालाच नको असते आणि तरी कुणालाही नाकारता येत नाही. नकाराचा हक्क काढून घेतला की पसारा कसा तयार होतो याचा याहून चांगला नमुना नाही. ‘कृपया आहेर आणू नये’ ही पत्रिकेवरची ओळ म्हणूनच मला बरीच क्रांतिकारक वाटते.

बोहारणीचा धंदा मोडला तो दयेच्या अभावी नव्हे. कृत्रिम धाग्याचे कापड आले, ते विरत नाही पण पुसायच्या फडक्यालाही चालत नाही. तयार कपडे इतके स्वस्त झाले की मजुरालाही रस्त्यावर नवा शर्ट परवडू लागला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि तो गिऱ्हाईकवर्ग पांगला. स्टीलच्या भांड्यांची नवलाई संपली. नव्वदच्या दशकात अकाईसारख्या कंपन्यांनी जुना टीव्ही घेऊन नवा देण्याच्या योजना काढल्या. युक्ती बोहारणीचीच, फक्त ती आता पूर्ण पानाच्या जाहिरातीत आली. आणि शेवटी इमारतींना फाटके बसली, फाटकांवर रखवालदार, आणि फेरीवाल्यांना मज्जाव करणारे फलक. भाव करणारी बाई दारापर्यंत पोहोचेनाशी झाली तेव्हा कपाटे तुंबली. मग उरले देऊन टाकणे.

या देऊन टाकण्याने काय केले ते २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दिसले. देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कोळी कुटुंबांना ते नको होते. फाटके, मळके, त्यांच्या हवेला आणि नेसण्याला न जुळणारे ते कपडे घेणे हा त्यांना अपमान वाटला. त्यातले बरेचसे निवडून वापरात आणायचे काम ‘गूंज’ या संस्थेने अंगावर घेतले. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली ही संस्था वापरलेले कपडे गोळा करणारी देशातली सर्वांत नावाजलेली संस्था. २०१५ मध्ये गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण तिच्या पद्धतीचा गाभा पाहा: गावकऱ्यांनी स्वतः ठरवलेले विहीर, रस्ता, पूल यांचे काम श्रमाने करायचे आणि त्या श्रमाबद्दल कपडे, सामान घ्यायचे. जुन्या कपड्यांच्या दानावर ओळखली जाणारी संस्था प्रत्यक्षात दान टाळते, अदलाबदल करते. माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

तरीही एक प्रश्न राहतो. ज्याच्याकडे बदल्यात द्यायला भांडे नाही आणि श्रमाची ताकदही नाही, त्या म्हाताऱ्या, आजारी, उघड्यावर राहणाऱ्या माणसाचे काय? २०१६ पासून कोल्हापूरसह अनेक गावांत उभ्या राहिलेल्या ‘माणुसकीच्या भिंती’ अशांसाठी आहेत, आणि त्यांत एक गुण निश्चित आहे: तिथे घेणारा स्वतः निवडतो, कुणाचा चेहरा पाहत नाही, कुणाला दुवा देत नाही. जिथे कपडे धुऊन, हँगरला लावून, मापानुसार मांडले जातात तिथे ती भिंत एखाद्या नीटस दुकानासारखी चालते. जिथे कुणी निवडणारे आणि नाकारणारे नसते तिथे चार दिवसांत तिचा उकिरडा होतो आणि महापालिकेच्या गाडीला तो उचलावा लागतो. म्हणजे अडचण मोफत देण्यात नाही. वस्तू पाहून ‘ही परत न्या’ असे म्हणणारे कुणीतरी मध्ये नसणे, ही अडचण आहे. पुण्यात १९९३ पासून कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत काम करते. तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद घराघरांतले जुने सामानही उचलतात. वस्तूची पारख असलेले हात शहरात आजही आहेत.

तेव्हा या वर्षी कपाट उपसाल तर पिशवीला गाठ मारण्याआधी ती कुणापुढे तरी उघडी करा: भंगारवाल्यापुढे, वेचक बाईपुढे, जुन्या बाजारातल्या गाळेवाल्यापुढे, घरकाम करणाऱ्या मावशींपुढे, आणि त्यांना ‘यातले हवे ते घ्या, नको ते सरळ सांगा’ असे म्हणा. त्यांनी जे बाजूला टाकले ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारू नका. आणि सोसायटीच्या बैठकीत विषय निघालाच, तर फाटकावरचा तो मज्जावाचा फलक आठवड्यातून एका दुपारपुरता उतरवण्याचा ठराव मांडा. बोहारणी अजून फिरतात.